कोणती फाईल कोणाची

संगणकावर एखादे सॉफ्टवेअर नव्याने बसविणे हे काम कोणत्याही काळी फारसे अवघड नव्हते. अवघड होते, आणि आजही आहे, ते हे की बसविलेले सॉफ्टवेअर वर्ष-दोन वर्षांनी काढू म्हटले असता त्याने कोठे कोठे काय ठेवले, त्यातले काय इतरांच्याही उपयोगी पडू लागले आहे आणि काय उचलले असता दुसऱ्याच कोणाचे छप्पर कोसळेल, हे खात्रीने सांगणारे कोणी त्या यंत्रात असावे. लिनक्सच्या डेस्कटॉपवर सॉफ्टवेअर बसविण्याच्या, अद्ययावत राखण्याच्या आणि काढून टाकण्याच्या ज्या निरनिराळ्या रीती गेल्या तीस-बत्तीस वर्षांत रूढ झाल्या, त्या सर्वांची तुलना वेग, सोय आणि देखणेपणा या निकषांवर पुष्कळांनी केली आहे. मला मात्र त्यांच्याकडे पाहताना तलाठ्याचे दप्तर आठवते. जमीन कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर कोणाचा बोजा आहे, फेरफार केव्हा आणि कोणत्या कारणाने झाला, हे ज्या गावच्या दप्तरात स्वच्छ लिहिलेले असते तेथे तंटे उद्भवले तरी मिटतात; जेथे नोंदच नाही तेथे वहिवाटीचा पुरावा शोधता शोधता पिढ्या जातात. या लेखात प्रत्येक पद्धतीला मी एकच प्रश्न विचारणार आहे: ही फाईल कोणाची, हे तिला सांगता येते का?

आरंभीच्या काळात ते सांगता येत नसे. १९९१ साली लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचे बीज जगापुढे ठेवले, तेव्हा सॉफ्टवेअर मिळे ते मूळ संहितेच्या गाठोड्याच्या रूपात; ते गाठोडे सोडावे, आपल्या यंत्रावर संहितेचे संकलन करावे आणि शेवटी ‘मेक इन्स्टॉल’ असा हुकूम द्यावा, म्हणजे शेकडो फाईली आपापल्या स्थळी जाऊन बसत. बसत खऱ्या, परंतु त्यांची यादी कोठेही उरत नसे. काही लेखक ‘मेक अनइन्स्टॉल’ची तजवीज करून ठेवीत, बरेचसे करीत नसत. १९९२ मधील एसएलएस आणि १९९३ च्या जुलैत पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी प्रसिद्ध केलेले स्लॅकवेअर या वितरणांनी तयार संकलित सॉफ्टवेअरची गाठोडी, म्हणजे पॅकेजे, देण्याची प्रथा पाडली. स्लॅकवेअरने प्रत्येक पॅकेजच्या फाईलींची यादी साध्या मजकुराच्या स्वरूपात जपून ठेवली, आणि हे त्या काळाच्या मानाने मोठेच पाऊल होते. मात्र एक पॅकेज दुसऱ्यावर कसे विसंबून आहे याची नोंद त्याने हेतुपूर्वक ठेवली नाही, तो भार वापरणाऱ्याच्या समजुतीवर सोपविला. त्याच वर्षी १६ ऑगस्टला इयन मर्डॉक या पर्ड्यू विद्यापीठातील विद्यार्थ्याने डेबियनची घोषणा केली, आणि तिच्यामागे एसएलएसमधील ढिसाळपणाबद्दलचा असंतोष होता हे विसरता कामा नये. नीट सांभाळलेली व्यवस्था हवी, या तळमळीतून डेबियन जन्मले.

डेबियनचा दप्तरदार म्हणजे डीपीकेजी. इयन जॅक्सन यांनी १९९४ मध्ये तो सी भाषेत नव्याने लिहिला आणि त्याचा सांगाडा आजही बव्हंशी तोच आहे. डेब जातीची फाईल उघडून पाहिली तर आत तीन वस्तू आढळतात: स्वरूपाचा क्रमांक सांगणारी एक चिमुकली फाईल, पॅकेजचे नाव, आवृत्ती, अवलंबने व बसविण्यापूर्वी आणि बसविल्यानंतर चालवावयाच्या आज्ञा असलेला एक गठ्ठा, आणि प्रत्यक्ष फाईलींचा दुसरा गठ्ठा. डीपीकेजी या फाईली मांडतो आणि प्रत्येकीची नोंद आपल्या दप्तरात करतो. पुढे केव्हाही ‘डीपीकेजी -एस’ असे लिहून फाईलचा पत्ता दिला की तिच्या मालकाचे नाव समोर येते, आणि ‘डीपीकेजी -एल’ लिहून पॅकेजचे नाव दिले की त्याच्या साऱ्या फाईलींची यादी मिळते. ‘स्टेटस’ नावाच्या एका साध्या फाईलीत प्रत्येक पॅकेजची अवस्था लिहिलेली असते. त्या अवस्थाही किती सूक्ष्म! बसविलेले आणि न बसविलेले एवढ्या दोनच गोष्टी तेथे नाहीत. उलगडलेले पण न मांडलेले, अर्धवट मांडलेले, काढून टाकलेले पण मांडणीच्या फाईली मागे राहिलेले, असे भेद त्यात केलेले आहेत.

या भेदांचे मोल मला एका संध्याकाळी कळले. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आपल्या जुन्या लॅपटॉपवर डेबियनच्याच घराण्यातले लिनक्स मिंट वापरतात. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निकामी झालेली, तो चालतो तो भिंतीतल्या विजेवर. सव्वाशेच्या वर पॅकेजे अद्ययावत होत असतानाच वीज गेली. परत आल्यावर यंत्र सुरू झाले, पडदा दिसला, परंतु नवे काही बसेना, जुने काही निघेना. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज उतरलेला होता. “माझ्या हातून काही बिघडलं का हो?” असे त्यांनी विचारले. मी गेलो आणि टर्मिनल उघडले. काम मध्येच तुटले आहे, ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा, असे त्यातच लिहून आले होते. तो हुकूम दिल्यावर एकेका पॅकेजचे नाव पडद्यावर उमटू लागले, जणू कारकुनाने अर्ध्यावर राहिलेली पाने पुन्हा उघडून एकेक रकाना भरून काढावा. दोन पॅकेजांचे अवलंबन अपुरे राहिले होते; ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ने (ॲप्टविषयी पुढे येईलच) ती उणीव भरून काढली. वीस मिनिटांत सारे पूर्ववत झाले. गुरुजींच्या हातून काहीच बिघडलेले नव्हते, आणि बिघडले ते सावरता आले याचे कारण एवढेच की वीज गेली त्या क्षणी कोणते पॅकेज कोणत्या अवस्थेत होते हे दप्तरात लिहून ठेवलेले होते.

परंतु नोंद ठेवणे निराळे आणि नात्यांचा हिशेब सोडविणे निराळे. एका चित्रसंपादकाला विशिष्ट ग्रंथालय, म्हणजे तयार संहितेचा सामाईक संच, हवे, त्या ग्रंथालयाला आणखी दोन हवीत, त्यातल्या एकाची ठराविक आवृत्तीच चालेल, आणि नेमकी ती आवृत्ती तिसऱ्याच कोणाशी न जमणारी. या गुंत्यात पूर्वी माणसे दिवसचे दिवस घालवीत. डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर १९९९ च्या मार्चमध्ये ॲप्ट आले आणि हा भार यंत्राने उचलला: पॅकेजचे नाव सांगावे, त्याला लागणारे सर्व गणगोत ॲप्टने डेबियनच्या पॅकेज-भांडारातून स्वतः आणावे. रेड हॅटच्या घराण्यात १९९५ पासून आरपीएम होते. मार्क ईविंग आणि एरिक ट्रोआन यांच्या या कृतीत नोंदी चोख होत्या, परंतु अवलंबने शोधून आणण्याचे काम वापरणाऱ्याकडेच राहिले होते. ते पुढे ड्यूक विद्यापीठातील सेथ विडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यम नावाच्या साधनाने पूर्ण केले, आणि फेडोराच्या २२ व्या आवृत्तीत, २०१५ साली, यमची जागा डीएनएफने घेतली. हा हिशेब दिसतो तितका सोपा नाही. २००६ च्या सुमारास युरोपातील संशोधकांनी सिद्ध केले की दिलेल्या भांडारातून एखादे पॅकेज बसविता येईल की नाही हा प्रश्न गणितशास्त्रातील अत्यंत कठीण मानल्या जाणाऱ्या वर्गात मोडतो. म्हणून सूसेने २००८ पासून तर्कशास्त्रीय समीकरणे सोडविणारे यंत्र पॅकेज-व्यवस्थेत आणले, आणि ॲप्टच्या २०२५ मधील ३.० आवृत्तीतही हा हिशेब सोडविणारा नवा घटक दाखल झाला. डीएनएफच्या पदरी आणखी एक गुण आहे आणि मी तो फार मानतो: तो प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देतो, आणि मागाहून ‘डीएनएफ हिस्टरी अनडू’ म्हणून तो क्रमांक सांगितला असता तो व्यवहार उलटा फिरवून देण्याचा प्रयत्न करतो. दप्तराची ही खरी परिणती होय.

आता मोहोरेकडे वळतो, कारण नोंद कितीही चोख असली तरी आलेला माल खरा की बनावट हे ठरल्याशिवाय तिला अर्थ नाही. डेबियनमध्ये २००७ च्या ४.० आवृत्तीपासून ही सोय सर्वसामान्य झाली. भांडाराच्या अनुक्रमणिकेवर डेबियनची गूढलिपीतील स्वाक्षरी असते; त्या अनुक्रमणिकेत पॅकेज-यादीचा ठसा, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण, आणि पॅकेज-यादीत प्रत्येक डेब फाईलीचा ठसा नोंदलेला असतो. या साखळीमुळे माल कोणत्याही आरशी-भांडारातून, कोणत्याही उघड्या मार्गाने आला तरी वाटेत त्यात झालेला फेरफार लपून राहात नाही. मात्र स्वाक्षरी ही पाठविणाऱ्याची ओळख पटविते, मालाच्या निर्मळपणाची हमी देत नाही. एक्सझेड या आकुंचन-साधनात कोणी दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करून चोरवाट घातली, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्या त्या चोरवाटेसह बाहेर पडल्या. २९ मार्च २०२४ रोजी आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती उघड केली, ती दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे एवढ्या धाग्यावरून. डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांत हा माल पोहोचला होता, स्थिर शाखेत पोहोचला नव्हता. सावकाशपणाला मागासलेपणा म्हणणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते.

अद्ययावत करण्याच्या बाबतीत नवख्यांचा सर्वांत मोठा घोटाळा शब्दांचा होतो. ‘ॲप्ट अपडेट’ने सॉफ्टवेअर बदलत नाही, भांडारात काय उपलब्ध आहे याची यादी तेवढी ताजी होते. बदल होतो तो ‘ॲप्ट अपग्रेड’ने, आणि तोही बसविलेले कोणतेही पॅकेज न काढता. जेथे काही काढल्यावाचून पुढे जाता येत नाही तेथे ‘फुल-अपग्रेड’ लागते, आणि ते चालविताना काय काढले जाणार आहे ही यादी वाचावीच वाचावी. धोरणाचा भेद याहूनही खोल आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती एकदा प्रसिद्ध झाली की तिच्यातली पॅकेजे आवृत्तीने जवळजवळ गोठतात, सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या मात्र येत राहतात. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीत अशी ६४ हजारांहून अधिक पॅकेजे एकमेकांशी जुळवून ठेवलेली होती. आर्च या वितरणाची रीत उलट. तेथे ठरीव आवृत्तीच नाही, प्रवाह अखंड वाहतो. म्हणून तेथे यादी ताजी करून एखादेच पॅकेज बसविणे निषिद्ध मानले जाते, कारण अर्धे गाव नव्या मोजणीने आणि अर्धे जुन्या मोजणीने चालू लागले की बांध जुळेनासे होतात. दोन्ही धोरणे प्रामाणिक आहेत. ज्याला यंत्रावर रोजचे काम करावयाचे आहे त्याला मी पहिले सुचवितो.

काढून टाकण्याकडे मात्र अभ्यासकांनीही पुरेसे लक्ष दिलेले नाही, आणि हीच माझी मुख्य तक्रार आहे. ‘रिमूव्ह’ म्हटले असता पॅकेज जाते पण एटसी निर्देशिकेतील त्याच्या मांडणीच्या फाईली राहतात; ‘पर्ज’ म्हटले असता त्याही जातात; आणि वापरणाऱ्याच्या स्वतःच्या घरात, म्हणजे त्याच्या होम निर्देशिकेत, त्या कार्यक्रमाने जे काही लिहून ठेवले असेल त्याला दोहोंपैकी कोणीही हात लावीत नाही. हा शेवटचा नियम पुष्कळांना त्रासदायक वाटतो, मला तो सभ्यतेचा वाटतो. घरमालकाच्या कपाटात दप्तरदाराने शिरू नये. अवलंबन म्हणून आपोआप आलेली आणि आता कोणालाच नको असलेली पॅकेजे ‘ऑटोरिमूव्ह’ने निघतात, आणि बूटसाठी वेगळा छोटा विभाग राखलेल्या यंत्रांवर जुन्या कर्नेलांची गर्दी होऊन जागा संपते तेव्हा हाच हुकूम कामी येतो. परंतु येथे एक खड्डा आहे. डेस्कटॉपचे सारे घटक एकत्र आणणारे जे नाममात्र पॅकेज असते, ते एखादा नको असलेला खेळ काढताना त्याच्याबरोबर निघून जाऊ शकते. आणि ते गेले की त्याने आणलेली पॅकेजे निराधार ठरून पुढच्या ऑटोरिमूव्हच्या तावडीत सापडतात. २०२१ च्या नोव्हेंबरात लक्षावधी प्रेक्षक असलेल्या एका यूट्यूब वाहिनीवर याहूनही ढळढळीत प्रकार घडला. खेळांचे एक दुकान बसवू पाहणाऱ्या माणसाच्या यंत्रावर, भांडारातील तात्पुरत्या विसंगतीमुळे, ॲप्टने संपूर्ण डेस्कटॉप काढण्याचा प्रस्ताव मांडला, आणि ‘होय, मी म्हणतो तसेच करा’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य टंकून त्याने त्याला मंजुरी दिली. इशारा होता; तो शेकडो ओळींच्या गर्दीत बुडाला होता. त्यानंतर ॲप्टने ते वाक्य टंकण्याची मुभाच काढून घेतली, आणि आता नव्या आवृत्तीत काढली जाणारी पॅकेजे तांबड्या अक्षरांत वेगळी दिसतात. कागदावर लिहिलेले आणि वाचणाऱ्याच्या नजरेस पडलेले यात अंतर असते, हे दप्तर लिहिणाऱ्याने ओळखले याचे मला समाधान वाटते.

भांडाराबाहेरून येणाऱ्या मालाचे काय? कोणीही दिलेली डेब फाईल बसविताना तिच्यातील आज्ञा सर्वाधिकारी म्हणून चालतात, म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती आपण वाड्याच्या साऱ्या किल्ल्या देतो. निदान त्या फाईलींची नोंद तरी होते. आंतरजालावरून उतरविलेली स्क्रिप्ट थेट सर्वाधिकाराने चालविण्याची जी प्रथा बोकाळली आहे तीत तेवढेही होत नाही. पायथनच्या पिप या साधनानेही अशीच घुसखोरी चाले. सर्वाधिकाराने चालविलेला पिप दप्तराला न विचारता व्यवस्थेच्या आवारातच नव्या आवृत्त्या आणून टाकी, आणि त्यांच्या आड जुन्या झाकल्या जात. डेबियन १२ पासून ‘ही जागा दुसऱ्याच्या व्यवस्थेखाली आहे’ असे सांगून त्याला अडविले जाते, आणि स्वतंत्र आभासी परिसर निर्माण करावा अशी सूचना मिळते. लोक कुरकुरले. निर्णय योग्य होता.

गेल्या दहा वर्षांत वादाचा विषय झाला आहे तो एका वेगळ्याच विचारसरणीचा. कार्यक्रमाने आपले सारे बिऱ्हाड बरोबर घेऊन यावे, व्यवस्थेकडे काही मागू नये, आणि आपल्या चौकटीबाहेर पाऊल टाकू नये, असा तो विचार. त्याची गरज खोटी नव्हती. डेबियनच्याच घराण्यातील उबुंटूच्या २२.०४ मध्ये ओपनएसएसएल या ग्रंथालयाची ३ री आवृत्ती आली आणि १.१ वर विसंबलेले अनेक जुने कार्यक्रम एका रात्रीत निराधार झाले; तसे प्रसंग टाळावयाचे तर अवलंबन बरोबर आणणे हा एक मार्ग आहेच. या घराण्यातील सर्वांत जुने ॲपइमेज: एकच फाईल, तिला चालण्याची परवानगी द्यावी आणि चालवावी, नको झाली की पुसावी. काढण्याची ही रीत मोहक आहे, परंतु नोंद नाही, म्हणून अद्ययावत करण्याची जबाबदारीही कोणाची नाही. फ्लॅटपॅकची बांधणी अलेक्झांडर लार्सन यांनी केली आणि २०१६ मध्ये त्याला हे नाव मिळाले. त्यात सामाईक पायाभूत संच वेगळे ठेवून अनेक कार्यक्रमांत वाटले जातात, भांडारे अनेक असू शकतात, आणि ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड’ म्हटले की निरुपयोगी संच निघतात. डेस्कटॉपवरील मोठ्या कार्यक्रमांसाठी मी फ्लॅटपॅकला दुसरे स्थान देतो, कारण त्याचे दप्तर वेगळे असले तरी दप्तर आहे. उबुंटू चालविणाऱ्या कॅनोनिकलच्या स्नॅपविषयी माझे मत अधिक राखीव आहे. त्याचेही दप्तर चोख आहे, जुनी आवृत्ती राखून ठेवून परत फिरण्याची सोय आहे; परंतु त्याचे दुकान एकच, त्याची मागील बाजू बंद, आणि अद्ययावत होणे दिवसातून चार वेळा आपोआप तपासले जाते, ते अनिश्चित काळ थांबविण्याची मुभा कित्येक वर्षांच्या मागणीनंतर मिळाली. उबुंटूत फायरफॉक्स बसवा म्हटले असता ॲप्ट स्नॅप आणून बसवितो, याला मी दप्तरातील चुकीची नोंद म्हणतो. मागितले एक आणि रुजू झाले दुसरे. लिनक्स मिंटने २०२० मध्ये हाच आक्षेप घेऊन स्नॅपला आपोआप शिरण्यास बंदी केली. दुकानात आल्याने माल निर्मळ ठरत नाही हेही येथे सांगितले पाहिजे: २०१८ च्या मेमध्ये स्नॅपच्या दुकानातील एका खेळात आभासी चलन खोदणारी संहिता लपविलेली सापडली होती.

नोंदीच्या कल्पनेला तिच्या टोकापर्यंत नेले ते एल्को डोल्स्त्रा यांच्या निक्सने, ज्याचा तात्त्विक पाया त्यांनी २००६ च्या उत्रेख्त येथील प्रबंधात मांडला. तेथे प्रत्येक पॅकेजचा पत्ताच त्याच्या साऱ्या घटकांच्या ठशावरून बनतो, म्हणून एकाच ग्रंथालयाच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी सुखाने नांदतात आणि कालच्या अवस्थेत परतणे हे एका हुकमाचे काम होते. शिकण्यास ते कठीण आहे. फेडोराचे सिल्व्हरब्लू मूळ व्यवस्था केवळ वाचनापुरती ठेवते आणि संपूर्ण प्रतिमाच बदलते. स्टीम डेक या हातातल्या खेळयंत्रावरील स्टीमओएसचीही रीत याच जातीची आहे.

मराठी वाचकाला या सर्वांचा प्रत्यक्ष स्पर्श होतो तो देवनागरीच्या निमित्ताने. गुरुजींच्या लॅपटॉपवर मराठी टंकावयाचे होते तेव्हा आम्ही लोहित देवनागरीचे अक्षरसंच आणि आयबस-एम१७एन ही दोन पॅकेजे भांडारातून बसविली, आणि इन्स्क्रिप्ट कळफलक पाच मिनिटांत हाताशी आला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस ही लिनक्स प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी आहे, त्यामुळे तेथेही हेच ॲप्ट आणि हेच डीपीकेजी कामाला येतात.

वीज गेल्याच्या त्या संध्याकाळी सारे सुरळीत झाल्यावर गुरुजींनी आणखी एक गाऱ्हाणे सांगितले. प्रिंटर नवा घेतला होता, पण जुन्या प्रिंटरचे नाव अजून मधूनच डोके वर काढीत होते. जुना प्रिंटर बसवून देण्यास आलेल्या कारागिराने पेनड्राइव्हवरून एक स्क्रिप्ट चालविली होती, एवढेच त्यांना आठवत होते. छपाई-यंत्रणेच्या फिल्टर निर्देशिकेत मी एकेक फाईल घेऊन डीपीकेजीला विचारीत गेलो: ही कोणाची? बहुतेकींची उत्तरे तत्काळ आली. दोन फाईलींपुढे उत्तर आले की या पत्त्याशी जुळणारी नोंद नाही. आम्ही त्यांच्या तारखा पाहिल्या, त्या कारागिराच्या भेटीच्या दिवसाशी जुळल्या, आणि मगच त्या बाजूला काढून ठेवल्या. गुरुजींनी कपाटातून दोनशे पानी वही आणली, पट्टीने तीन रकाने आखले, आणि आपल्या वळणदार अक्षरात शीर्षके लिहिली: दिनांक, काय बसविले, कोठून. पहिल्या ओळीत त्या दोन फाईलींची नावे माझ्याकडून एकेक अक्षर विचारून घेतली, आणि तिसऱ्या रकान्यात थोडा वेळ थांबून लिहिले: माहीत नाही.